रात्रीचं सीटी-सोनो कोण सांभाळणार? कोल्हापुरातल्या रुग्णालयांसाठी रात्रपाळी बसवण्याची पद्धत

कोल्हापुरातल्या रुग्णालयाच्या दारात रात्री येणारा पेशंट बऱ्याचदा शहराबाहेरचा असतो. गगनबावडा किंवा फोंडा घाट चढून सिंधुदुर्गातून, आंबा घाटातून रत्नागिरीच्या बाजूनं, निपाणीकडून, नाहीतर चंदगड-आजऱ्याच्या टोकाकडून तो आलेला असतो. वाटेत एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावून, चिठ्ठी घेऊन पुढे निघालेला. पक्षाघात असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सीटी बघितल्याशिवाय ते देता येत नाही, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध जिवावर बेतेल. प्रवासातच या वेळेतला मोठा हिस्सा गेलेला असतो. उरलेला वेळ टेक्निशियनला घरून बोलावण्यात घालवणं पेशंटवर अन्याय आहे.

हा लेख लहान-मध्यम रुग्णालयांच्या व्यवस्थापकांसाठी आणि रेडिओलॉजी विभाग सांभाळणाऱ्यांसाठी आहे. यातलं सगळं एकाच मुद्द्यावर उभं आहे : इलाज करणाऱ्या डॉक्टरच्या कानावर निदान पडतं तेव्हा रात्रीची तपासणी पूर्ण होते. फिल्म निघाली, पॅक्सवर (फोटो साठवायच्या आणि बघायच्या संगणक यंत्रणेवर) फोटो चढले, एवढ्यानं काही झालेलं नसतं. म्हणून त्या क्षणापासून मागे येत माणसं ठरवायची. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. मशीन घेतलं, एक टेक्निशियन रात्री बसवला आणि बोर्डावर ‘२४ तास सेवा’ लिहिलं.

आधी तीन महिन्यांचं रजिस्टर काढा

रात्री ८ ते सकाळी ८ मधली प्रत्येक तपासणी कागदावर घ्या आणि तिच्यासमोर चार वेळा लिहा : डॉक्टरनं तपासणी सांगितली ती वेळ, पेशंट टेबलावर आला ती वेळ, फोटो पूर्ण झाले ती वेळ, आणि डॉक्टरला तोंडी निदान कळलं ती वेळ. चौथी वेळ बहुतेक रजिस्टरांत सापडणारच नाही. मग आजपासून तिचा रकाना आखा.

सरासरीवर विसंबू नका. ‘रात्री सरासरी पाच केस’ या आकड्याचा रोस्टरला (पाळ्यांच्या वेळापत्रकाला) फारसा उपयोग नाही. एकाच अर्ध्या तासात दोन गंभीर पेशंट किती वेळा आले, हे बघा. ऊस गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि मागून धडकलेल्या दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमा वाढतात. पुणे-बंगळूर महामार्गावरचे अपघात, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या रात्रपाळीत मशीनमध्ये सापडलेले हात, यांचं वेळापत्रक वेगळं. जून-जुलैचे आकडे घेऊन जानेवारीचा रोस्टर बसवता येत नाही.

आणखी एक आकडा रजिस्टरात कधीच नसतो : ‘रात्री सोय नाही’ म्हणून दुसरीकडे पाठवलेले पेशंट. कॅज्युअल्टीच्या सिस्टरना आणि सीएमओंना (तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) विचारा. त्यांना नेमकं ठाऊक असतं. खरी गरज बऱ्याचदा तिथेच कळते.

रात्री काय करायचं आणि काय सकाळी, हे लिहून सही घ्या

ही यादी नसेल तर पहाटे तीनला वाद घालायची वेळ टेक्निशियनवर येते, आणि कन्सल्टंटपुढे तो हरतो. मग गुडघ्याचा एमआरआय चालू असताना बाहेर डोक्याला मार लागलेला पेशंट थांबतो.

तातडीच्या यादीत काय असावं यावर फारसा मतभेद नाही. पक्षाघात आणि डोक्याच्या दुखापतीचा सीटी, मानेच्या कण्याचा सीटी, अनेक ठिकाणी मार लागलेल्या पेशंटचा सीटी, पोटातल्या रक्तस्रावासाठी सोनोग्राफी, गर्भनलिकेतल्या गर्भाची शंका, वृषणाला पीळ (इथे सुमारे सहा तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू व्हायला हवा), आतड्याला भोक पडल्याची शंका, आयसीयूतले पोर्टेबल एक्स-रे. एमआरआयमध्ये मुख्यतः मज्जारज्जूवर अचानक आलेला दाब. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट सगळ्यांच्या सह्या घेऊन हा कागद कन्सोलच्या वर चिकटवा. यादीबाहेरची तपासणी हवी असेल तर कन्सल्टंटनं स्वतः रेडिओलॉजिस्टशी बोलायचं. टेक्निशियनला मध्ये घालायचं नाही.

माणसांचा हिशेब

एका माणसाचे वर्षाचे ३६५ दिवस. साप्ताहिक सुट्ट्या ५२ गेल्या, राहिले ३१३. सण, रजा, आजारपण मिळून ३० दिवस धरा, राहिले २८३. आठ तासांनी गुणलं तर २२६४ तास. एक जागा वर्षभर चोवीस तास भरायची तर ८७६० तास लागतात. भागाकार येतो ३.८७. म्हणजे एका टेक्निशियनच्या जागेला कागदावरच चार माणसं लागतात, आणि एकानं नोकरी सोडली की उरलेले तिघे दमतात, मग दुसराही सोडतो. पाचवा माणूस हवाच.

फक्त रात्रीची १२ तासांची जागा धरली तर वर्षाचे ४३८० तास होतात, भागाकार १.९३. दोन माणसांत भागतं असं वाटतं. पण त्या दोघांना वर्षभर फक्त रात्रच मिळते, एक आजारी पडला तर दुसरा सलग रात्री काढतो. माझं स्पष्ट मत आहे की कायमचा ‘नाईटवाला’ ठेवू नये. सगळ्यांनी फिरत्या पाळीत रात्र करावी, नाहीतर रात्रीचा माणूस दिवसाच्या विभागाला अनोळखी राहतो, नवा प्रोटोकॉल त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि त्याच्या चुका कुणी दाखवत नाही.

सीटी आणि एक्स-रे एकाच टेक्निशियनवर चालतील का? तुमच्या रजिस्टरात दोन केस एका वेळी क्वचित येत असतील तर चालतं, पण दुसरा टेक्निशियन १५-२० मिनिटांत पोचेल असा ऑन-कॉल हवा. ऑन-कॉलचा माणूस राहतो कुठे, हे नेमणुकीच्या वेळीच विचारा. राजारामपुरीतल्या रुग्णालयाला जवाहरनगरातला माणूस चालेल, जयसिंगपूरचा नाही. ऑन-कॉलला ठरलेली रक्कम आणि प्रत्येक बोलावण्याचे वेगळे पैसे, असं दोन्ही द्या. केवळ बोलावण्याचे पैसे दिले तर शांत रात्री त्या माणसानं फुकट जागायचं, हे फार दिवस टिकत नाही.

नेमताना एक प्रश्न तोंडावर विचारायला हवा : दिवसा दुसरीकडे काम करता का? दिवसा एका सेंटरला आणि रात्री दुसऱ्या रुग्णालयात काम करणारे टेक्निशियन सर्रास दिसतात. पगार कमी असतात म्हणून ते तसं करतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण सोळा तास जागा असलेला माणूस पहाटे चारला डाव्या-उजव्या बाजूची खूण चुकवतो. शिवाय दोन्हीकडचा किरणोत्सर्ग एकाच शरीरात जमतो. भारतात किरणोत्सर्गी कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) प्रत्येकाच्या नावाचा हवा, रात्रीच्या बदली माणसालाही. दुसऱ्याचा बॅज लावून पाळी करू देऊ नका. टेक्निशियन महिला गरोदर असल्याचं सांगेल त्या दिवसापासून गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाता कामा नये. रोस्टरमध्ये तेवढी लवचिकता आधीच ठेवा, म्हणजे तिला लपवावंसं वाटणार नाही.

शिकाऊ विद्यार्थ्याला रात्री एकटं बसवणं हा काटकसरीचा मार्ग कधीच नाही.

सोनोग्राफी : इथे दूरवरचा डॉक्टर उपयोगी पडत नाही

सीटीचे फोटो बंगळूरला बसलेला रेडिओलॉजिस्ट वाचू शकतो. सोनोग्राफीचा प्रोब मात्र पेशंटच्या पोटावर पात्र डॉक्टरनंच ठेवायचा असतो, आणि तोही नोंदणी झालेल्या जागी, नोंदणी झालेल्या मशीनवर. टेक्निशियननं सोनो करून फोटो पाठवायचे आणि डॉक्टरनं घरून रिपोर्ट लिहायचा, हे १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्यात बसत नाही. कॅज्युअल्टीतल्या छोट्या मशीनवर अपघाताच्या पेशंटची पोटाची झटपट तपासणी करणाऱ्या डॉक्टरालाही पात्रता आणि नोंदणी लागते. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मशीन सील होतं ते वेगळंच. मुलींचा जन्म वाचवण्यासाठी आलेला हा कायदा आहे, रात्रीच्या घाईत तो बाजूला ठेवायचा नाही.

त्यामुळे खासगी रुग्णालयात रेडिओलॉजिस्टचा रात्रीचा रोस्टर म्हणजे मुळात सोनोग्राफीचा रोस्टर असतो. तो बसवताना तीन गोष्टी बघा. एक डॉक्टर एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर नोंदवता येतो आणि त्याच्या वेळाही नमूद कराव्या लागतात. म्हणून ‘चार रुग्णालयांनी मिळून एक सोनोलॉजिस्ट ठेवू’ ही कल्पना इथे चालत नाही. दुसरं, माणूस, जागा किंवा मशीन बदलणार असेल तर ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला (या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं असतं. डॉक्टर सोमवारपासून येतोय म्हणून रविवारी अर्ज लिहून भागत नाही. तिसरं, गरोदर स्त्रीची सोनोग्राफी पहाटे झाली तरी फॉर्म एफ (या कायद्यानं ठरवलेला नोंदीचा अर्ज) त्याच वेळी पूर्ण भरायचा आणि दोन वर्षं जपायचा. रात्री तो कोण भरणार, त्याचं नाव रोस्टरवर असू द्या. सकाळी आठवून भरलेले फॉर्मच तपासणीत अडकवतात.

स्वतःचा रेडिओलॉजिस्ट रात्री मिळत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा इमर्जन्सीचे डॉक्टर आवश्यक प्रशिक्षण आणि नोंदणी करून घेऊ शकतात का, हे बघा. काही महिने जातात, पण हा मार्ग टिकाऊ आहे.

सीटी कोण वाचणार

वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात निवासी डॉक्टर रात्री हजर असतात. तिथला प्रश्न त्यांच्यावर वरिष्ठ कोण, एवढाच. बाकीच्यांना दोनच मार्ग : स्थानिक रेडिओलॉजिस्ट घरून लॅपटॉपवर बघणार, किंवा टेलिरेडिओलॉजीचा (फोटो पाठवून दूरच्या रेडिओलॉजिस्टकडून वाचून घेण्याचा) करार. स्थानिक माणूस तुमच्या सर्जनना ओळखतो, जुने फोटो त्याच्या लक्षात असतात, पण दिवसभर काम करून तो आठवड्यात किती रात्री उठेल? तीन-चार रेडिओलॉजिस्ट असतील तर आळीपाळी जमते. एक-दोनच असतील तर मध्यरात्रीपर्यंत स्थानिक आणि पुढे टेलिरेडिओलॉजी ही विभागणी मला सर्वांत बरी वाटते.

टेलिरेडिओलॉजीच्या करारात दर सोडून बाकीच्या गोष्टींवर जास्त वेळ घालवा. रिपोर्टवर भारतात नोंदणी असलेल्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक असावा. पक्षाघात आणि डोक्याच्या दुखापतीत वाचणाऱ्या डॉक्टरनं आपल्या डॉक्टरला थेट फोन करायचा. माझ्या मते फोटो पोचल्यापासून १५ मिनिटांत. मधल्या कॉल सेंटरनं निरोप द्यायचा नाही. आणि सकाळी आपल्या रेडिओलॉजिस्टला वेगळं दिसलं तर त्यांच्याशी कुणी, कसं बोलायचं, हे आधी ठरलेलं असावं.

इंटरनेटचा हिशेब सोपा आहे. सीटीचा एक फोटो सुमारे अर्धा एमबी. मेंदूचे पाच मिलिमीटरचे जाड काप ३५-४० असतात, म्हणजे २० एमबी. बारीक काप हजार असतील तर ५०० एमबी. अपलोड वेग ५ एमबीपीएस असेल तर ५०० एमबीला सव्वातेरा मिनिटं लागतात, आणि २० एमबीला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. म्हणून टेक्निशियनला शिकवा : जाड काप आधी, बारीक मागून. करार करताना कंपनी डाउनलोडचा वेग सांगते. आपल्याला अपलोड विचारायचा. दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या वाटेनं येणारी एक लाइन जवळ ठेवा, नाहीतर रस्ता खोदताना एकच केबल तुटते आणि सगळी सेवा थांबते. स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं आणि त्यावर निर्णय घेणं बंद करा. बारीक रक्तस्राव त्यात दिसत नाही आणि पेशंटचं नाव भलतीकडे जातं.

स्वतःचं सीटी नसलेल्या रुग्णालयांनी जवळच्या स्कॅन सेंटरशी लेखी करार करावा. शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क इथे हे सहज जमण्यासारखं आहे. त्यात तीन वाक्यं असलीच पाहिजेत : रात्री तिथे टेक्निशियन हजर असेल की बोलावल्यावर येईल, पेशंटबरोबर कोण जाईल, आणि पैसे भरले नाहीत म्हणून तातडीचा स्कॅन थांबणार नाही.

मामा, सिस्टर आणि कॉन्ट्रास्ट

चार वेळांतलं पहिलं अंतर, म्हणजे तपासणी सांगितल्यापासून टेबलापर्यंतचं, सर्वांत मोठं निघालं तर टेक्निशियन वाढवून काही होणार नाही. पेशंट ढकलत आणायला माणूस नाही, लिफ्ट बंद आहे, किंवा सिस्टर वॉर्ड सोडून येऊ शकत नाही, हीच कारणं निघतात. रात्री रेडिओलॉजीसाठी एक मामा किंवा मावशी (वॉर्डबॉय किंवा आया) राखून ठेवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक खर्च आहे.

कॉन्ट्रास्ट (फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देताना डॉक्टर त्याच मजल्यावर असला पाहिजे. तीव्र रिॲक्शन बहुतेक वेळा पहिल्या २० मिनिटांत येते. मोठ्या माणसाला ॲड्रेनॅलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि औषध कुलपाबाहेर, हाताशी ठेवा. दर पाळीला ट्रे तपासल्याची सही घ्या. पक्षाघातात रक्तवाहिन्यांचा सीटी लगेच हवा असेल तर क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी अडून राहायचं नाही; हा निर्णय विभागानं आधीच लेखी घेऊन ठेवावा.

एमआरआय रात्री चालवणार असाल तर टेक्निशियन कधीही एकटा नको. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला पेशंटचा तरुण नातेवाईक एमआरआय यंत्राकडे ओढला जाऊन मरण पावला. चुंबक रात्री ‘बंद’ नसतो, तो सतत चालूच असतो. रात्रीच्या प्रत्येक मामाला, सिक्युरिटीला आणि सिस्टरला हे दाखवून शिकवा, आणि दाराशी एक माणूस उभा ठेवता येत नसेल तर रात्रीचा एमआरआय सुरूच करू नका.

झोप, घरी जाणं, दारावरची गर्दी

सलग तीनपेक्षा जास्त रात्री नकोत. रात्रीनंतर दोन दिवस मोकळे. पाळी सकाळ-दुपार-रात्र याच क्रमानं फिरवा, उलट फिरवली की शरीर मागे पडतं. पहाटे तीन ते पाच जागरूकता सर्वांत कमी असते. त्याआधी २०-३० मिनिटांची डुलकी अधिकृतपणे मिळू द्या आणि तेवढा वेळ फोन कोण घेईल ते लिहा. झोपायला स्वच्छ खोली, पाणी, चहा, हे उपकार म्हणून द्यायचं नाही. रात्र करून दुचाकीवर चाळीस किलोमीटर गावाकडे जाणाऱ्याला सकाळी दोन तास झोपून जायला जागा ठेवा.

महिला टेक्निशियन रात्री असेल तर तिची लेखी संमती, घरापर्यंत वाहन, विभागात दुसरी स्त्री कर्मचारी आणि आतून बंद होणारी विश्रांतीची खोली ही किमान सोय आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत तक्रार समिती कायद्यानं लागतेच. तिच्या सदस्यांचे नंबर रात्रीच्या टेबलावरही हवेत.

अपघाताच्या पेशंटबरोबर वीस-पंचवीस माणसं येतात, गावाकडची, घाबरलेली. सीटीच्या दारात एकच नातेवाईक, बाकीचे खाली, आणि दर १५ मिनिटांनी कुणीतरी खाली जाऊन काय चाललंय ते सांगायचं. मारहाण झाली तर २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पाटी वाचून कुणी शांत होत नाही, सांगितल्यानं होतं.

सकाळची १५ मिनिटं

पाळी बदलताना रात्रीचा टेक्निशियन, दिवसाचा टेक्निशियन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून रात्रीच्या सगळ्या केस बघतात. तोंडी काय सांगितलं, कुणाला, किती वाजता, समोरच्यानं ते परत बोलून दाखवलं का. रात्रीच्या आणि अंतिम रिपोर्टमध्ये फरक निघाला तर वॉर्डला लगेच फोन आणि नोंद. पेशंट घरी गेला असेल तर घरी फोन. ही बैठक चुका शोधायला आहे, माणसं शोधायला नाही; एकदा जरी कुणाला तिथे झापलं तरी पुढच्या चुका लपवल्या जातील.

पूर, वीज आणि कामाचं वेळापत्रक

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पलीकडे राहणारे कर्मचारी पलीकडेच अडकले. प्रत्येक कर्मचारी नदीच्या कुठल्या बाजूला राहतो याची यादी जूनमध्येच करा. पाणी ३९ फुटांवर आलं की पलीकडच्यांना कपडे घेऊन अलीकडे राहायला बोलवा, किमान तीन दिवस काम आळीपाळीनं चालेल अशा माणसांच्या जोड्या लावा. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी अशा पाणी शिरणाऱ्या भागात यूपीएस किंवा वीजपॅनेल तळघरात असेल तर ते वर हलवल्याशिवाय पावसाळ्यातल्या रात्रीच्या सेवेची हमी देऊ नका. जनरेटरवर सीटी चालतं का, हे स्कॅन करून बघितलेलं असावं. बरेच तास पडून असलेल्या सीटीच्या ट्यूबला वॉर्म-अप लागतो, तो रात्री अकराला आणि पहाटे चारला करून ठेवायला टेक्निशियनला सांगा.

गळीत हंगामाआधी, म्हणजे ऑक्टोबरअखेर, सेवा सुरू करायची असेल तर रजिस्टरचं काम मे महिन्यात सुरू करा. जुलैमध्ये जाहिरात आणि मुलाखती, ऑगस्टमध्ये डॉक्टरांची नावं समुचित प्राधिकाऱ्याकडे, त्याच महिन्यात नव्या लोकांच्या टीएलडी बॅजची मागणी. सप्टेंबरभर नव्या माणसांना दिवसपाळीत जुन्यांबरोबर ठेवा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दोन-दोन माणसं, आणि दुसऱ्या पंधरवड्यात एखाद्या रात्री न सांगता पक्षाघाताचा खोटा कॉल देऊन चारही वेळा मोजा. तोंडी निदान वेळेत पोचलं नाही तर तारीख पुढे ढकला आणि बोर्ड नंतर रंगवा.